न विचारलेल्यांची यादी

“मॅडम, उद्या तुमच्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या, तर तुम्ही तुमची एक द्याल का?”

ज्ञानदाने विचारलं आणि माइक खाली न ठेवता ती तशीच उभी राहिली. मागच्या रांगेतून एलिनाने तिच्या वेणीला हळूच हिसका दिला. म्हणजे, जिंकलीस बाई! सकाळपासून एलिना आणि जॉयस तिच्या मागे लागल्या होत्या. ‘वादविवादाची ढाल आणलीस ना मोठी? मग विचारून दाखव. नाही विचारलंस तर सोमवारपासून पुन्हा मुकी मैना.’ जुलैपर्यंत ती खरोखरच मुकी मैना होती. हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही आवाज घशात अडकायचा. ऑगस्टात ढाल मिळाली आणि काय झालं कोण जाणे, आता माइक दिसला की हात आपोआप पुढे जाई.

हॉल चिडीचूप. कोणी खाकरलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेतले रॉबर्ट सर मात्र खुर्चीतून अर्धवट उठले.

“ज्ञानदा, प्रश्न अभ्यासाचे विचारायचे असं ठरलं होतं. खाली बस.”

“बसू नकोस,” स्टेजवरून डॉक्टर फेलिशिया म्हणाल्या.

त्या जवळच्याच वटार गावच्या. याच शाळेच्या बाकांवर बसून गेलेल्या आणि आता मुंबईत किडनी बसवणाऱ्या मोठ्या सर्जन. सुती साडी, पायांत पांढरे बूट. गावात आपल्याला ‘कलमं करणारी डॉक्टरीण’ म्हणतात, हे त्यांनी आल्या आल्या स्वतःच सांगून टाकलं होतं. बापाने जन्मभर चिकूची कलमं बांधली, लेक माणसांची बांधते.

“बावीस वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारतेय. मला आज पहिल्यांदाच कोणी विचारला. देईन. घाबरेन, पण देईन. आता हाच प्रश्न उलटा करून विचार.”

“उलटा म्हणजे?”

“म्हणजे मला लागली, तर माझा नवरा देईल का?”

हॉल खदखदून हसला. मुलगे बाकं वाजवायला लागले. रॉबर्ट सरांनीही हसून रुमाल तोंडाला लावला. डॉक्टर सगळं हसू ओसरेपर्यंत थांबल्या.

“पाहिलंत?” मग त्या म्हणाल्या. “पहिल्या प्रश्नाला कोणीच हसलं नव्हतं.”

ज्ञानदाही हसली होती. तिने ओठ मिटून घेतले.

परिचय करून देताना रॉबर्ट सरांनी डॉक्टरांचं सगळं वाचून दाखवलं होतं. सुवर्णपदक, परदेशातली शिष्यवृत्ती, दीड हजार शस्त्रक्रिया, आणि ते थंड पेटीचं संशोधन. काढलेली किडनी बर्फात किती तास जिवंत राहते आणि ते तास कसे वाढवायचे, यावर त्यांनी सात वर्षं घालवली होती. त्याला मोठं बक्षीसही मिळालं होतं.

“बक्षीस मिळालेलं संशोधन सरांनी सांगितलं,” डॉक्टर म्हणाल्या. “न मिळालेलं मी सांगते. एकदा दिवाळीच्या रजेवर जायच्या आधी मी वॉर्डाचं रजिस्टर चाळत होते. डावीकडे देणाऱ्यांची नावं, उजवीकडे घेणाऱ्यांची. डावीकडे बायको, आई, बहीण, आई, बायको, बायको. उजवीकडे नवरा, मुलगा, भाऊ, मुलगा. दहा पानांतल्या आठ पानांवर हेच. मला वाटलं, योगायोग असेल. मागच्या पाच वर्षांची रजिस्टरं काढली. तेच! आता मला सांगा, बायकांच्या किडनीला काय साखर लावलेली असते? माझ्या हातात येते तेव्हा ती बाईची की पुरुषाची, हे मला तरी ओळखता येत नाही.”

या वेळी मुलींच्या बाजूने कोणीतरी हसलं, पण लगेच थांबलं.

“मग मी एक कागद केला. त्यावर एकच प्रश्न. ‘तुमच्याआधी घरात आणखी कोणाला विचारलं होतं?’ देणारीला एकटीला बसवायचं, नातेवाइकांना बाहेर काढायचं आणि विचारायचं. आमच्या हॉस्पिटलातले मोठे सर म्हणाले, ‘फेलिशिया, तू सर्जन आहेस की जनगणनेवाली? हे छापलंस तर देणारे पळून जातील. पेशंट मरतील, ते पाप तुझ्या माथी.’ मी म्हटलं, ‘सर, घरातल्या सगळ्यांना विचारलं तर देणारे वाढतील की घटतील?’ त्यांनी उत्तरादाखल माझ्या मदतीला दिलेली मुलगी तेवढी काढून घेतली. पुढची सहा वर्षं मी रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की वॉर्डात जायची आणि एकटीच कागद भरत बसायची. पुढे मदत मिळाली, आणि एकूण अकरा वर्षांत सहाशे कागद झाले. बहुतेकांवर उत्तराच्या जागी काय होतं, सांगू?”

त्यांनी हवेत एक बोट आडवं ओढलं.

“आडवी रेघ. कोणालाच विचारलं नव्हतं. पुष्कळदा तर त्या बाईलासुद्धा.”

रॉबर्ट सरांनी घड्याळ पाहिलं, मग टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनीच वाजवल्या. एलिना ज्ञानदाच्या कानाशी लागली, “काय विचारलंस गं! मॅडम सुटल्याच एकदम!” जॉयसने तिचा हात दाबला. ज्ञानदाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिचे कान तापले होते आणि डोळ्यांपुढे विरारची भाऊबीज उभी राहिली होती.

दहाबारा दिवसांपूर्वीचीच गोष्ट. कृष्णाकाका, बाबांचे थोरले भाऊ, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. हात काळेनिळे, चेहरा सुजलेला. काकूला मधुमेह, त्यामुळे ती देऊ शकत नाही. आत्याचे रिपोर्ट जुळल्याचं त्याच दिवशी कळलं होतं. आत्या पाटावर बसलेल्या काकांना ओवाळत होती, तेवढ्यात बाबा म्हणाले, “यंदा ओवाळणी उलटी बरं का! दरवर्षी भाऊ घालतात, यंदा बहीण घालणार!” घर हास्याने भरून गेलं. काकूने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “वन्सं स्वखुशीने देतायत, देवासारख्या.” आत्या काहीच बोलली नाही. तिने तबकातल्या निरांजनाची वात बोटाने पुढे सारली, बस्स.

आणि ज्ञानदा? तीही हसली होती. टाळी देऊन.

बाबांचं रक्त ओ पॉझिटिव्ह, काकांचंही तेच. बाबा दर सव्वीस जानेवारीला रक्तदान करतात. त्याची सात प्रमाणपत्रं त्यांच्या उमेळ्याच्या फ्लॅटमध्ये चौकटीत टांगलेली आहेत, पाहुणा आला की आधी तीच दिसतात. पण बाबांना नोकरी होती. काकांचा सिद्धेशदादा सत्तावीस वर्षांचा, पण त्याचं लग्न जमायचं होतं. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. देव्हारा कुठे असावा हे घरात कोणी रोज ठरवत नाही, तसंच हेही होतं. ठरलेलं. आत्याचं लग्न झालंच नव्हतं, म्हणून तिच्यापाशी येऊन सगळं आपसूक थांबलं होतं.

देणारा स्वखुशीने देतोय ना, हे तपासणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीपुढे गुरुवारी आत्याची मुलाखत होती.

कार्यक्रम संपला तसा मैत्रिणींचा हात सोडवून ज्ञानदा फाटकाकडे धावली. डॉक्टर गाडीपाशी उभ्या होत्या, हातात शाळेने दिलेला नारळ आणि शाल.

“मॅडम, देणारी स्वखुशीने देते म्हणाली असेल, तर?”

“कुठे म्हणाली?”

“म्हणजे?”

“कुठे उभी राहून म्हणाली? समोर कोण होतं?”

ज्ञानदा आठवायला लागली. तबक आठवलं, वात आठवली, काकूचा पदर आठवला.

“ती म्हणालीच नाही,” ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला परका वाटला. “दुसरंच कोणीतरी म्हणालं.”

“कोण ती तुझी?”

“आत्या.”

डॉक्टरांनी नारळ गाडीच्या टपावर ठेवला. “हे बघ बाळा, मी देण्याच्या विरुद्ध नाही. देणाऱ्यांवरच माझे दीड हजार पेशंट उभे आहेत. एका किडनीवर माणूस नीट जगतं, तेही मी बावीस वर्षं बघतेय. माझं भांडण फक्त त्या रेघेशी आहे.” त्यांनी पर्स उघडून एक घडी पडलेला कागद काढला. “सवयच लागलीय, दोनचार बरोबर असतातच. भरून मला पाठवू नकोस हं. माझं संशोधन झालंय.”

“मग मी काय करू?”

“विचार. तुला माइक लागत नाही, असं दिसतंय.”

दुपारी आत्या मैदानावर होती. ती एका शाळेत खेळाची शिक्षिका. शनिवारी दुपारी वस्तीतल्या चोवीस मुलींना खो-खो शिकवते, ज्ञानदा जन्मायच्या आधीपासून. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, ट्रॅकपँटचे पाय चिखलाने माखलेले. ज्ञानदाला पाहून तिने मुलींना पाण्याला सोडलं.

“काय गं, चेहरा असा का? कोणाशी भांडलीस?”

ज्ञानदाने कागद पुढे केला. आत्याने वाचला. टोपी काढून, पुन्हा घालून, परत एकदा वाचला.

“हे कोणी दिलं तुला?”

“ते राहू दे. तुझ्याआधी कोणाला विचारलं होतं, सांग.”

“वेडी आहेस का? कृष्णादादाने मला सायकल शिकवली. आमच्या बाबांचा विरोध असताना माझं खेळाच्या कॉलेजात नाव घातलं. त्याला द्यायची नाही तर कोणाला?”

“‘द्यायची का’ असं मी नाही विचारत. तुला कोणी विचारलं का?”

आत्याने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. समोर पाणी पिऊन आलेल्या मुली आपापल्या चौकोनात बसत होत्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे.

“ती बघ,” आत्या म्हणाली, “ती तिसऱ्या नंबरवर बसलीय ना, बारकी? फार तेज आहे. पण पाठीमागून हात लावून ‘खो’ म्हटल्याशिवाय तिने उठायचं नाही. उठली तर फाउल. कितीही मनात असो, कितीही पाय शिवशिवत असोत.” तिने मैदानावरची नजर ज्ञानदाकडे वळवली. “मला कोणी खो दिलाच नाही, ज्ञानू. मी उठलेच आहे असं धरून सगळे धावायला लागले. वहिनी फाइल घेऊन आली आणि म्हणाली, वन्सं, उद्या उपाशी या, रक्त काढायचंय. मी गेले. दुसऱ्या दिवशी जितूचा, तुझ्या बाबांचा, फोन, ‘ग्रेट आहेस तू!’ मला कळेचना, मी हो कधी म्हटलं.”

“विचारलं असतं, तर?”

“हो म्हटलं असतं गं! त्याच क्षणी.” आत्या हसली, पण ते हसू तिच्या मुलींना शाबासकी देतानाचं नव्हतं. “पण ते हो माझ्याकडेच राहिलं ना. आता कुठे ठेवू ते?”

मग, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तशी, ती म्हणाली की जानेवारीत मुलींची जिल्ह्याची स्पर्धा आहे. ऑपरेशननंतर निदान दोनतीन महिने धावायचं नाही, वजन उचलायचं नाही. मुलींना अजून सांगितलेलं नाही.

“घरी सांगितलंस?”

“काय सांगू? विचारतंय कोण?”

तिने ज्ञानदाच्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागद मांडीवर ठेवला आणि प्रश्नापुढे एक रेघ ओढली. मैदानावर चुन्याची फक्की टाकावी तशी, सरळ. मग शिट्टी वाजवून ती मुलींकडे गेली.

ज्ञानदा घरी आली ती ताडताड पावलं टाकत. रस्त्यात तिने जी भाषणं रचली होती ती सगळ्या जिल्ह्याच्या ढाली जिंकतील अशी होती. दार उघडलं तर बाबा सोफ्यावर पाय पसरून क्रिकेट बघत होते आणि आई खाली बसून वाल सोलत होती. रचलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. ती टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली.

“आल्या वकीलसाहेब!” बाबा मान वाकडी करत म्हणाले. “बाजूला हो गं, शेवटची ओव्हर आहे.”

“बाबा, तुमचा ब्लडग्रुप कोणता?”

बाबांनी अभिमानाने भिंतीकडे बोट दाखवलं.

“आणि काकांचा?”

बोट तसंच वर राहिलं. मग हळूच खाली आलं.

“तुमची तपासणी झाली?”

“ज्ञानदा!” आई म्हणाली. “बापाशी बोलायची ही रीत?”

“मग रीत काय आहे, आई? आत्याला फाइल द्यायची आणि उपाशी ये म्हणायचं, ही? तिने कधी हो म्हटलं? तू ऐकलंस? बाबा, तुम्ही ऐकलंत? सात प्रमाणपत्रं आहेत तुमची! सात! वर्षातून एकदा बाटलीभर रक्त देऊन भिंत भरलीत, आणि जी अख्खी किडनी देणार तिच्या वाट्याला तुमचा जोक!”

आवाज चढला होता. शेजारच्या फ्लॅटमधला कुकर शिट्टी देता देता थांबल्यासारखा वाटला. आईने हातातला वाल परत परातीत टाकला.

“अगं, ह्यांच्यावर घर आहे. उद्या काही झालं तर आपण दोघी कुठे जाणार? वन्संचं तसं नाही. त्यांच्या मागेपुढे कोण आहे?”

बोलून झालं आणि आईने उगाच परात जवळ ओढली. आपण काय बोललो ते तिलाही ऐकू आलं असावं.

“चोवीस मुली आहेत,” ज्ञानदा म्हणाली. “आणि मी आहे.”

तिने कागद टीपॉयवर ठेवला. छापील प्रश्न, त्यापुढे रेघ. बाबांनी चष्मा लावून तो वाचला.

“पण मला कोणी विचारलंच नाही गं!” बाबा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. तोंड अगदी लहान मुलासारखं झालं होतं. दादा, वहिनी, डॉक्टर, कोणीच त्यांना विचारलं नव्हतं, आणि आपल्याला विचारायला हवं होतं हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ज्ञानदाचा संताप क्षणभर कुठे उभं राहावं ते न कळून घुटमळला.

“मी विचारतेय,” ती म्हणाली.

टीव्हीवर कोणीतरी बाद झालं, स्टेडियम ओरडलं. बाबांनी पाहिलं नाही. आईने हात पदराला पुसले, उठून टीव्ही बंद केला आणि पुन्हा वालापाशी बसली. बसली, पण सोलायला काही घेतलं नाही.

“अहो,” ती खाली बघतच म्हणाली, “रक्त तपासायला काय जातंय?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांच्या संसारात घराबाहेरच्या कुठल्याच गोष्टीत तिने असं मधे तोंड घातलं नव्हतं.

“आणि माझी नाही जुळली तर?”

“तर आत्या आहेच,” ज्ञानदा म्हणाली. “पण आधी तिला विचारायचं. तुम्ही. फोनवर नाही, समोर बसून.”

“आणि जुळली तर?”

बाबांचा डावा हात नकळत शर्टाखाली गेला आणि कमरेच्या वर, मागच्या बाजूला, जाऊन थांबला. तिथे काही दुखत असावं तसा. त्यांच्या कपाळावर घाम होता. पालीलाही न घाबरणारे बाबा घाबरले होते, आणि ते लपवण्याइतकंही भान त्यांना नव्हतं. आईने ते पाहिलं. तिने लगबगीने पंखा वाढवला, पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला आणि पाठीवरून हात फिरवला.

ज्ञानदा बघत होती. असा पेला आत्याच्या हातात कोणी दिला होता? तीही घाबरली असेल, एखाद्या रात्री नाहीतर मैदानावरून परतताना तिचाही हात असाच कमरेकडे गेला असेल. तो जाताना बघायला तिच्या घरात कोणी नव्हतं, आणि या घरात कोणाला बघायचं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राग मात्र तिळभरही कमी झाला नाही. उलट आता त्याला बसायला नीट जागा मिळाली.

“उद्या बोलू आपण,” बाबा म्हणाले. “शांतपणे. सगळ्या बाजूंनी विचार करून.”

“आत्याच्या वेळी कुठे केला होता?” ज्ञानदाने कागदाची घडी केली आणि दप्तरात ठेवली. आवाज आता चढलेला नव्हता. “मी ठरवलंय. गुरुवारी मी शाळेत जाणार नाही, आत्याबरोबर हॉस्पिटलात जाणार आहे. आणि आई, त्या दिवशी सकाळी बाबांना चहा देऊ नकोस. ते उपाशीपोटी येणार आहेत.”